तीन मिनिटांहून लांब शांतता

हायाओ मियाझाकी यांचा ‘लापुता’ हा चित्रपट 1986 साली जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्याला जो हिसाइशी यांनी दोनदा संगीत दिलं आहे. एकदा मूळ चित्रपटासाठी, आणि दुसऱ्यांदा 1999 च्या सुमारास, डिस्नेच्या इंग्रजी आवृत्तीसाठी. चित्रं तीच, कथा तीच, मुख्य धूनही तीच. तरी नवं संगीत लागलं, कारण दोन तास चार मिनिटांच्या मूळ चित्रपटात संगीत होतं जेमतेम तासाभराचं. मध्येच सलग सात-आठ मिनिटं एकही वाद्य वाजत नाही. डिस्नेच्या मंडळींचं म्हणणं हिसाइशींनीच पुढे हसत सांगितलं आहे: जपानबाहेरच्या प्रेक्षकाला तीन मिनिटांहून जास्त वेळ संगीत ऐकू आलं नाही, तर तो अस्वस्थ होतो.

भाषांतर करणाऱ्याला ही अडचण चांगलीच ओळखीची असते. मूळ लेखकाने दोन वाक्यांमध्ये काही न सांगता सोडलेलं असतं, आणि छापायच्या आधी कुणीतरी समासात लिहितं, ‘इथे वाचकासाठी थोडा खुलासा हवा.’ अॅनिमेच्या संगीतकारांविषयी लिहायचं तर आवडत्या नावांची यादी करता येईल. मला मात्र त्यांचं संगीत दुसऱ्या भाषेत जाताना त्याचं काय झालं, या बाजूने हा इतिहास जास्त बोलका वाटतो.

सुरुवात एका कवीपासून होते. 1 जानेवारी 1963 रोजी ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान अतोमु’ ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. शीर्षकगीताची चाल तात्सुओ ताकाई यांची आणि शब्द शुन्तारो तानिकावा यांचे. तानिकावा म्हणजे युद्धोत्तर जपानी कवितेतलं पहिल्या रांगेतलं नाव. चाळीसहून अधिक वर्षांनी, 2004 साली, मियाझाकींच्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’चं शेवटचं गाणंही त्यांनीच लिहिलं. ‘अतोमु’ अमेरिकेत ‘अॅस्ट्रो बॉय’ झाला तेव्हा चाल राहिली आणि शब्द बदलले. पुढे 1965 मध्ये तेझुकांच्याच ‘जंगल तेइतेई’ या रंगीत मालिकेसाठी इसाओ तोमिता यांनी मोठ्या वाद्यवृंदाचं संगीत केलं. सिंथेसायझरवर देब्युसी वाजवून जगभर गाजलेले तोमिता ते हेच. पांढऱ्या सिंहाची ही गोष्ट अमेरिकेत गेली, तेव्हा शीर्षकगीतच नवं बांधलं गेलं. तेव्हा याचं कुणाला फारसं काही वाटलं नसावं. मुलांचा कार्यक्रम होता, गाणं बदललं इतकंच.

हिसाइशींची गोष्ट वेगळी होते ती त्यांच्या कामाच्या पद्धतीमुळे. (त्यांचं नावसुद्धा एक भाषांतरच आहे. मूळ नाव मामोरू फुजिसावा. अमेरिकन संगीतकार क्विन्सी जोन्स यांचं नाव जपानी चित्रलिपीत बसवताना ‘क्विन्सी’साठी जी अक्षरं घेतली, ती ‘कुइशी’ अशीही वाचता येतात आणि ‘हिसाइशी’ अशीही; ‘जोन्स’चा झाला ‘जो’.) मिनिमलिस्ट संगीताच्या वाटेने आलेल्या या तरुणाला 1983 मध्ये ‘नाउसिका’साठी एक ‘इमेज आल्बम’ करायला सांगण्यात आलं. चित्रपट तयार होण्याआधीच, केवळ कल्पना, शब्द आणि रेखाटनं यांवरून बांधलेलं संगीत म्हणजे इमेज आल्बम. चित्रपटाचं प्रत्यक्ष संगीत दुसऱ्या कुणी नामवंताने करावं, असा तेव्हा विचार होता. पण हा आल्बम ऐकल्यावर मियाझाकी आणि निर्माते इसाओ ताकाहाता यांचं मन बदललं. हारुओमी होसोनो यांनी बांधलेलं ‘नाउसिका’ नावाचं गाणं जाहिरातींत वाजलं, चित्रपटात नाही. चित्रपटात राहिला एका लहान मुलीचा आवाज, शब्द नसलेला, नुसता ‘ला-ला’ करणारा. तो हिसाइशींच्या चार वर्षांच्या मुलीचा होता.

म्हणजे इथे संगीत चित्राच्या मागून येत नाही. एकाच मजकुरापासून चित्र आणि संगीत अशा दोन भाषांत दोन कृती तयार होतात आणि मग त्या एकमेकींशेजारी ठेवल्या जातात. अशा संगीताला प्रत्येक हालचाल समजावून सांगण्याची गरज नसते. ते गप्प राहू शकतं.

‘नाउसिका’ची पहिली अमेरिकन आवृत्ती 1985 मध्ये आली, तीत वीसेक मिनिटं कापली गेली होती. त्या अनुभवानंतर मियाझाकींच्या स्टुडिओने, म्हणजे घिबलीने, बाहेर देताना एक फ्रेमही कापायची नाही अशी अट घातली. अट चोख होती. फक्त भर घालण्याविषयी ती काही बोलत नव्हती. आता मूळ ‘लापुता’ची सुरुवात पाहा. रात्र, ढगांवरून जाणारं हवाई जहाज, खिडकीशी बसलेली मुलगी. समुद्री चाच्यांसारखे हवाई चाचे हल्ला करतात. झटापट होते, काचा फुटतात, माणसं ओरडतात, आणि या सगळ्याला संगीत नाही. ते येतं मुलगी जहाजावरून खाली कोसळल्यावर. पडण्याच्या क्षणापर्यंत आपण वारा आणि यंत्रं ऐकत असतो, म्हणून पहिला स्वर आला की पोटात खड्डा पडतो. 1999 च्या आवृत्तीत हल्ल्यापासूनच वाद्यवृंद वाजू लागतो. धोका आहे हे तो सांगतो, चाचे थोडे विनोदी आहेत हेही सांगतो. मुलगी पडते तेव्हा सांगण्यासारखं त्याच्याकडे फारसं उरलेलं नसतं.

तरीही दुसरं संगीत वाईट आहे असं म्हणता येत नाही, आणि मला हा प्रश्न अवघड वाटतो तो इथेच. सुमारे दीड तासाचं ते संगीत वाद्यवृंदाच्या दृष्टीने अधिक समृद्ध आहे, त्याची वीण अधिक सफाईची आहे. पात्राच्या येण्याजाण्याशी संगीत जोडायची अमेरिकन पद्धत आपल्याला आधी फार सरधोपट वाटायची, पण या कामात तिच्यातून पुष्कळ शिकायला मिळालं, असं हिसाइशींनी मोकळेपणाने सांगितलं आहे. कुणी परक्याने केलेली ही मोडतोड नव्हे. मूळ लेखकाने स्वतः केलेलं भाषांतर आहे. रवींद्रनाथांची 1912 ची इंग्रजी ‘गीतांजली’ वाचताना बंगाली जाणणाऱ्यांना जे वाटतं, त्याच्या जवळचं काहीतरी इथे वाटतं. अधिकार निर्विवाद, हेतू शुद्ध, आणि तरी मूळ छंद कुठे गेला असं मन विचारत राहतं. माझं मत विचाराल तर 1999 चं संगीत नुसतं ऐकायला अधिक चांगलं आहे आणि चित्रपट 1986 चा अधिक चांगला आहे.

या रिकाम्या जागेला जपानीत ‘मा’ म्हणतात. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांना मियाझाकींनी ती टाळ्या वाजवून दाखवली होती. दोन टाळ्यांच्या मधला वेळ म्हणजे ‘मा’. आपल्याकडे तबला ऐकणाऱ्याला हे फार समजावावं लागू नये. तीनतालात नवव्या मात्रेवर टाळी न देता हात नुसता फिरवतात आणि तिला ‘खाली’ म्हणतात. बायाँचा घुमारा तिथे आवरलेला असतो, म्हणून तर सम आल्याचं सुख. दोन्ही कल्पना एक नव्हेत, पण न वाजवणं हाही वादनाचाच भाग आहे, एवढं दोन्हीकडे मान्य आहे.

‘किकी’च्या बाबतीत तर शांतता शब्दांनीही भरली गेली. 1989 च्या मूळ चित्रपटात किकीची जादू ओसरते, तिला मांजराची भाषा कळेनाशी होते आणि शेवटपर्यंत जिजी हे मांजर पुन्हा माणसासारखं बोलत नाही. 1998 च्या इंग्रजी आवृत्तीत त्याला मूळपेक्षा कितीतरी जास्त संवाद मिळाले, जास्तीचं संगीत आलं आणि शेवटी मांजर पुन्हा बोललंसुद्धा. मोठं होताना काही गोष्टी परत येत नाहीत, हा चित्रपटाचा गाभा त्या एका वाक्याने पुसला. 2010 च्या इंग्रजी आवृत्तीत ही भर बरीचशी काढून टाकली. ‘लापुता’चं मूळ संगीतही त्याच सुमारास इंग्रजी आवृत्तीत परत आलं.

केन्जी कावाई यांचं ‘घोस्ट इन द शेल’ (1995) याच्या उलट टोकाला आहे. दिग्दर्शक मामोरू ओशी यांनी चित्रपटाच्या मध्यावर संवाद पूर्ण थांबवले आहेत. पाऊस, कालवे, पाट्या, छत्र्या. हाँगकाँगवर बेतलेलं शहर काही मिनिटं नुसतं दिसत राहतं आणि त्यावर सामूहिक गायन चालतं. कावाईंना बल्गेरियन लोकगायिकांचा आवाज हवा होता. शेवटी त्यांनी जपानी लोकगीतं गाणाऱ्या स्त्रियांकडून तशा स्वरमेळात गाऊन घेतलं. शब्द प्राचीन यामातो भाषेतले, आशय विवाहगीताचा. यंत्रदेह घडवला जात असताना लग्नाचं गाणं का, याचं उत्तर चित्रपटाच्या शेवटी मिळतं, जेव्हा तेच गाणं तिसऱ्यांदा येतं. पाश्चात्त्य वितरकांनी श्रेयनामावलीच्या वेळचं गाणं बदलून तिथे ब्रायन ईनो आणि यू-टू यांचं गाणं घातलं. चांगलं गाणं आहे. पण लग्न लागल्यावर लगेच दुसऱ्याच घरची वरात दारात यावी, तसं होतं.

योको कान्नो, सुसुमु हिरासावा यांच्यावर स्वतंत्रच लिहायला हवं. इथे भारताकडे वळतो, कारण ही देवघेव आपल्याकडेही झाली आहे. निप्पॉन अॅनिमेशनची 1989 ची मोगलीची मालिका 1993 मध्ये दूरदर्शनवर हिंदीतून आली, तेव्हा जपानी शीर्षकगीत काढून गुलजार यांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांची चाल आली. त्या गाण्यावर वाढलेल्या पिढीला मूळ गाण्याची उणीव कधी जाणवलीच नाही. बदललेलं गाणं मूळ गाण्यापेक्षा खोलवर रुजल्याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही, आणि वर केलेल्या माझ्या तक्रारींना ते बऱ्यापैकी अडवतं.

त्याच काळात उलट दिशेचाही एक प्रवास झाला. युगो साको यांनी राम मोहन आणि कोइची सासाकी यांच्यासह केलेलं ‘रामायण’ हे जपानी पद्धतीचं अॅनिमे, पण त्याचं संगीत मुंबईच्या वनराज भाटियांचं. इंग्रजी आवृत्तीत संस्कृत गीतं आहेत. ती लिहिली वसंत देव यांनी, म्हणजे ‘घाशीराम कोतवाल’ हिंदीत नेणाऱ्या भाषांतरकाराने. त्यांना इंग्रजी प्रतिशब्द दिले गेले नाहीत. परक्या प्रेक्षकाने ती न कळता ऐकावीत, असं धरून चालले. हिंदी आवृत्तीत मात्र त्यांच्या जागी हिंदी गाणी आली.