विरार, पहाटे तीन: एका आयसीयूचा घटनाक्रम

१८ डिसेंबर २०२०. उरले चार महिने.

राजकोटच्या एका कोविड रुग्णालयात नोव्हेंबरअखेर आग लागून रुग्ण दगावले होते. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि या दिवशी आदेश काढला. प्रत्येक कोविड रुग्णालयासाठी अग्निसुरक्षेचा एक नोडल अधिकारी नेमावा, प्रत्येक जिल्ह्यात दरमहा तपासणी करणारी समिती असावी आणि ज्यांच्याकडे फायर एनओसी नाही त्यांनी ती चार आठवड्यांत घ्यावी, असा तो आदेश. महाराष्ट्रात तर २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आधीपासून आहे. इमारतीची यंत्रणा धड असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं, असं त्यात लिहिलेलं आहे. कागदाची टंचाई आपल्याकडे कधीच नव्हती.

९ जानेवारी २०२१, मध्यरात्रीनंतर.

भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. राज्य हादरलं, फायर ऑडिटचे आदेश सुटले.

९ एप्रिल, संध्याकाळ. उरले १३ दिवस.

नागपुरात वाडीच्या वेल ट्रीट रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावरच्या आयसीयूतल्या एसीपासून आग लागली, ४ जण गेले. विरारची ही रंगीत तालीमच होती, फक्त तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं. खोली आयसीयूच, मजलाही दुसरा आणि यंत्रही तेच. त्याआधी मार्चअखेर भांडुपच्या ड्रीम्स मॉलमधलं सनराइज रुग्णालयही जळून गेलं होतं. पण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आगीचा विचार करायला सवड कुणाला होती?

१२ एप्रिल. उरले १० दिवस.

वसई तालुक्यात जेमतेम तीन तासांचा ऑक्सिजन शिल्लक आहे, असं नालासोपाऱ्याच्या तेव्हाच्या आमदारांनी समाजमाध्यमावर जाहीर केलं. नालासोपाऱ्यातल्या रुग्णालयांत दगावलेल्यांचे नातेवाईक ऑक्सिजनअभावी माणूस गेल्याचं सांगत होते. वसईत होळी बाजारापासून आगाशीपर्यंत ज्याच्या घरात पेशंट होता तो एकच चौकशी करत होता: जम्बो कुठे मिळतो? जम्बो म्हणजे सात घनमीटरचा सिलिंडर. हाय-फ्लोच्या नळीने मिनिटाला ६० लिटर शुद्ध ऑक्सिजन दिला तर तो दोन तासही पुरत नाही.

२१ एप्रिल, दुपारी साडेबारा. उरले ३८ तास.

नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळू लागला. आवारात पांढरं धुकं पसरलं आणि वर वॉर्डातलं प्रेशर पडलं. त्या दिवशी २२ जण गेले.

पुढे जे घडलं त्याचं मूळ मला या दुपारीही दिसतं. नाशिकनंतर राज्यातल्या प्रत्येक आयसीयूच्या डॉक्टरला एकाच भीतीने पछाडलं: प्रेशर पडेल, ऑक्सिजन संपेल. भीती रास्तच होती, पण तिला एकच तोंड होतं. ऑक्सिजन कमी पडला तर काय, याचा हिशेब जो तो करत होता. जो पुरत होता तो रुग्णाच्या नाकातून बाहेर पडल्यावर कुठे जातो, हा प्रश्न कुणाच्या राउंडमध्ये नव्हता.

२२ एप्रिल, सकाळी ११. उरले १६ तास.

किराणा आणि भाजीची वेळ सकाळी ७ ते ११. वसईच्या होळी बाजारात अकराला शटरं खाली आली. विरार इथून दहाबारा किलोमीटर, पण त्या दिवसांत रुग्णवाहिकेच्या आवाजाला अंतर नव्हतं.

२२ एप्रिल, रात्री ८. उरले सात तास.

राज्याचे नवे, आणखी कडक निर्बंध लागू झाले. लग्न दोन तासांत आणि २५ माणसांत उरकायचं, सरकारी कचेऱ्यांत १५ टक्के हजेरी आणि लोकलमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेतले लोक. ज्या विरार लोकलमध्ये एरवी पाय ठेवायला जागा नसते, तिच्यात आता ओळखपत्र दाखवून सिस्टर आणि वॉर्डबॉय चढत होते.

त्या दिवशी राज्यात ६७,०१३ नवे रुग्ण, ५६८ मृत्यू. रात्री विशाखापट्टणमहून सात टँकर घेऊन पहिली भरलेली ऑक्सिजन एक्सप्रेस महाराष्ट्राकडे निघाली.

२३ एप्रिल, मध्यरात्र. उरले तीन तास.

विरार पश्चिमेचं विजय वल्लभ रुग्णालय, चार मजली. आत सुमारे ९० रुग्ण, त्यांतले १७ दुसऱ्या मजल्यावरच्या आयसीयूत.

इथे थोडं थांबायला हवं, कारण त्या काळातल्या कुठल्याही आयसीयूची खोली हाच या प्रकरणातला खरा रुग्ण होता.

माणसाचं शरीर मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन वापरतं. तापलेलं, धापा टाकणारं शरीर थोडा जास्त. हाय-फ्लोवरच्या रुग्णाला मिनिटाला ६० लिटर दिला जातो, म्हणजे दिलेल्यातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन नाकाशी भेट घेऊन खोलीत येतो. आता नुसतं गणित करू. समजा, ३६० घनमीटरच्या खोलीत दहा रुग्णांना सरासरी ३० लिटर चाललाय. तासाला १८ घनमीटर शुद्ध ऑक्सिजन खोलीत. बाहेरची हवा आत येतच नसेल तर तासाभरात खोलीतलं प्रमाण २१ वरून २५ टक्क्यांच्या आसपास जातं. अग्निसुरक्षेचे नियम २३.५ टक्क्यांच्या वरच्या हवेला ऑक्सिजन-समृद्ध मानतात. तिथे चादर, गादी, पीपीई, प्लास्टिकची नळी एरवीपेक्षा सहज पेटते आणि भराभर जळते. याच खोलीत तासाला सहा वेळा बाहेरची ताजी हवा खेळवली, तर तेच प्रमाण २२ च्या आतच राहतं.

ताजी हवा कुठून येणार? स्प्लिट एसी ती आणत नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. नर्सिंग होममधून उभ्या राहिलेल्या आयसीयूंत बहुधा स्प्लिट एसीच असतात. खिडक्या संसर्गाच्या भीतीने बंद. पीपीईत आठ-आठ तास घामाने निथळणाऱ्या सिस्टरला एसी बंद करा म्हणणार कोण? यातला प्रत्येक निर्णय त्या क्षणी बरोबर होता. खाटा वाढवल्या, बरोबर. फ्लो वाढवला, बरोबर. खिडकी लावून घेतली, तेही बरोबर.

आणि एसी. घरचा एसी रात्री चालतो, दिवसा विसावतो. कोविडच्या आयसीयूतला एसी आठवडेच्या आठवडे अखंड चालू असतो. भिंतीवरच्या पेटीच्या आत एक टर्मिनल असतं, बोटभर लांबीचं, चारपाच स्क्रूंचं. स्क्रू किंचित सैल झाला की तिथे विजेला अडथळा होतो, अडथळ्याने उष्णता, उष्णतेने स्क्रू आणखी सैल. आधी प्लास्टिक पिवळट पडतं, मग तपकिरी. मेकॅनिक झाकण काढतो तेव्हा जळका वास येतो आणि तो म्हणतो, ‘साहेब, वेळेत बोलावलंत.’ कोविड वॉर्डात झाकण उघडायला मेकॅनिकच यायला तयार नव्हते. एमसीबी पडेलच, या भरवशावरही राहता येत नाही. सैल जोडणी तापते तेव्हा प्रवाह ठरलेल्या मर्यादेतच असतो, एमसीबीला त्यात वावगं काही दिसत नाही.

मॉनिटरवर प्रत्येक रुग्णाचं सॅच्युरेशन दिसतं. खोलीतल्या हवेचं दिसत नाही. हवेतला ऑक्सिजन मोजणारं छोटं यंत्र कारखान्यांत सर्रास वापरतात, आपल्या आयसीयूत ते माझ्या तरी पाहण्यात नाही.

२३ एप्रिल, पहाटे तीनच्या सुमारास.

दुसऱ्या मजल्यावरच्या आयसीयूत आग लागली. प्राथमिक माहितीत एसीच्या युनिटचा स्फोट हे कारण पुढे आलं.

पहिली दोन-तीन मिनिटं.

अशा आगीत बहुतेकांचा जीव ज्वाळेआधी धूर घेतो. गादीतला फोम जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सुटतो. छत कमी उंचीचं असलं की धुराचा थर बघता बघता खाटेच्या उंचीला येतो, आणि खाटेवरचा माणूस वाकू शकत नाही, रांगू शकत नाही.

अग्निशमनाच्या प्रशिक्षणात शिकवतात: आधी माणसं हलवा, मग गजर द्या, दार लावून आग कोंडा, मग विझवा. आयसीयूत पहिलीच पायरी अडते. हाय-फ्लोवरच्या कोविड रुग्णाची नळी काढली की सॅच्युरेशन मिनिटा-दोन मिनिटांत कोसळतं. एका रुग्णाला न्यायला तीन माणसं धरा: एक खाट ढकलणारा, एक सिलिंडर सांभाळणारा, एक अंबू बॅग दाबणारा. १७ गुणिले तीन. पहाटे तीनला ५१ जोडी हात कुठल्या आयसीयूत असतात?

दुसरी अडचण नळाची. आयसीयूबाहेरच्या भिंतीवर त्या विभागाचा ऑक्सिजन तोडणारा व्हॉल्व्ह असतो, निदान असायला हवा. तो चालू ठेवला तर आगीला खाऊ घालणं. बंद केला तर आतल्यांचा श्वास तोडणं. तो कुणी, कुठल्या क्षणी फिरवायचा, हे धुरात उभं राहून ठरत नाही. आधी ठरवून, नाव लिहून, हाताला सवय लावून ठेवावं लागतं.

बाथच्या डॉक्टरांनी अशा तयारीची सुरुवात लिहिण्यापासून केली. इंग्लंडमधल्या रॉयल युनायटेड रुग्णालयाच्या आयसीयूत २०११ साली खाटेवर ठेवलेला ऑक्सिजन सिलिंडर उघडताच पेटला. तिथल्या भूलतज्ज्ञांनी तो प्रसंग एखादी दुर्मीळ केस लिहावी तसा लिहिला आणि २०१३ मध्ये ‘अ‍ॅनेस्थेशिया’ या नियतकालिकात छापला. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये आयसीयू रिकामं करण्याची जी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांच्या मागे हेच लेखन होतं. आपल्याकडे आगीचा पंचनामा होतो, गुन्हा दाखल होतो, अटक होते. ते व्हायलाच हवं. पण रुग्णालयाच्या मृत्यू-आढावा बैठकीत आग ‘केस’ म्हणून मांडली गेल्याचं क्वचितच ऐकू येतं. एखाद्याला डेंग्यूत विचित्र पुरळ उठलं तर त्यावर तीन पेपर निघतात.

पहाटे ५.२०.

आग आटोक्यात आली. आयसीयूतले १३ जण गेले होते. वाचलेल्यांना आणि इतर गंभीर रुग्णांना दुसऱ्या रुग्णालयांत हलवलं.

अशा रुग्णाला सकाळी ताब्यात घेणाऱ्या डॉक्टरसमोर एक सापळा असतो. बोटाला ऑक्सिमीटर लावला की ९७ दाखवतो. साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनवालंच समजतो. खरा आकडा रक्त को-ऑक्सिमीटरवर तपासल्याशिवाय कळत नाही. साध्या हवेत हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर साधारण दीड तास. म्हणजे आकडा चांगला दिसतोय म्हणून मास्क उतरवायचा नाही. लॅक्टेट खूप चढलेलं असेल आणि रक्तदाब पडत असेल तर सायनाइडची शंका घ्यायची, आणि तेव्हा नायट्राइटचा जुना उतारा हात आखडून वापरायचा, कारण तो उरलंसुरलं हिमोग्लोबिनही अडवतो. कोविडने आधीच पोखरलेल्या फुप्फुसात तर यातली कुठलीही चूक अंगाशी यायला वेळ लागत नाही.

सकाळ.

रुग्णालयाबाहेर नातेवाइकांची गर्दी. आग लागली तेव्हा आत पुरेसे डॉक्टर नव्हते, असा त्यांचा आरोप. रुग्णालयाने तो नाकारला. राज्य सरकारने ५ लाखांची मदत जाहीर केली, पंतप्रधान निधीतून २ लाख. त्याच सकाळी देशातल्या नव्या रुग्णांचा आकडा आला: ३,३२,७३०. पंतप्रधानांची मुख्यमंत्र्यांबरोबर बैठक होती आणि विरारची घटना ही काही राष्ट्रीय बातमी नव्हे, असं राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री बोलून गेले. टीका झाली, व्हायलाच हवी होती. पण त्या आकड्यांच्या पुरात विरार दुपारपर्यंत खरंच मागे पडलं, हेही नाकारता येत नाही.

२४ एप्रिल. एक दिवस नंतर.

ऑक्सिजन एक्सप्रेस नाशिकला पोचली. त्याच रात्री बगदादच्या इब्न अल-खतीब कोविड रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाक्यांचा स्फोट झाला, ८० हून अधिक माणसं गेली. विरारचा आकडा पुढे १५ वर गेला.

२८ एप्रिल, पहाट. पाच दिवस नंतर.

मुंब्र्याच्या एका खासगी रुग्णालयात आग. रुग्ण हलवताना ४ जण गेले.

६ नोव्हेंबर, सकाळ. साडेसहा महिने नंतर.

भाऊबीज. दुसरी लाट ओसरलेली होती, ऑक्सिजनची ओढाताण संपलेली होती, रात्रपाळीचा शिणही नव्हता. दिवसाउजेडी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात, सरकारच्या स्वतःच्या आयसीयूत आग लागली. ११ गेले. चौकशी समिती नेमली गेली आणि राज्यातल्या सर्व रुग्णालयांच्या फायर ऑडिटची मागणी पुन्हा सुरू झाली.