नेपल्सची पायी सफर : पिझ्झा, पाणी आणि पटकी

“डॉक्टर, आम्ही आता ऑलिव्ह ऑइल सुरू केलंय,” असे अभिमानाने सांगणारे रुग्ण हल्ली वरचेवर भेटतात. कुठे वाचलेले असते, कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेले असते. भूमध्य सागराकाठचा आहार म्हणजे मेडिटेरेनियन डाएट हृदयाला चांगला, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण तो आहार कुणाचा, कुठला आणि त्या लोकांच्या पोटाचे एकंदर काय चालले होते, हे फारसे कुणी विचारत नाही. म्हणून आज मी तुम्हाला इटलीतल्या नेपल्स शहरात पायी फिरवणार आहे. तिथले लोक त्याला नापोली म्हणतात. पर्यटकांसाठी तिथे ‘फूड वॉक’ असतात. गाइड तीन-चार तासांत गल्लीबोळांतून फिरवतो आणि पाच-सहा ठिकाणी खाऊ घालतो. आपणही खाऊ, पण गाइड जिथून घाईने पुढे नेतो तिथे थोडे थांबू.

सुरुवात पिन्यासेक्काच्या बाजारात करू. हा शहरातला फार जुना बाजार. मासळी, भाजी, तळणीचे घमघमाट आणि ओरडणारे विक्रेते. आपल्याला अगदी घरच्यासारखे वाटेल. कागदाच्या पुडीत गरम तळलेले छोटे मासे आणि भजी मिळतात, त्या पुडीला ‘कुओप्पो’ म्हणतात. शेजारी उकडलेले डुकराचे पाय आणि वासराचे तोंड मीठ-लिंबू लावून देतात. ते धाडस ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर करावे. मी मात्र तुमचे लक्ष ‘फ्रियारिएल्ली’ या पालेभाजीकडे वेधेन. चव मेथीसारखी कडवट, लसूण आणि तेलावर परतलेली.

ही भाजी महत्त्वाची आहे, कारण एकेकाळी नेपल्सच्या लोकांना ‘पाला खाणारे’ असे चिडवत. सतराव्या शतकात शेवया दाबून काढण्याची यंत्रे आली, मॅकरोनी स्वस्त झाली, मांस-भाजी गरिबांना परवडेनाशी झाली आणि हेच लोक ‘मॅकरोनी खाणारे’ झाले. तोपर्यंत त्यांच्या पास्त्यावर टोमॅटो नव्हता. टोमॅटो अमेरिकेतून आलेला पाहुणा. त्याच्या सॉसची पाककृती अंतोनियो लातिनी यांच्या नेपल्समध्ये १६९२ ते १६९४ या काळात छापलेल्या पुस्तकात येते आणि पास्ता व टोमॅटोची जोडी छापील पुस्तकात दिसायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला. म्हणजे ज्याला आपण ‘पारंपरिक इटालियन’ म्हणतो तो पदार्थ दोनशे वर्षांच्या आसपासचा. हसू नका, आपल्या ‘पारंपरिक’ झणझणीत रश्श्यातली मिरचीही त्याच अमेरिकेतून, पोर्तुगीजांच्या जहाजांवरून गोव्यात उतरलेली आहे.

आता ऑलिव्ह ऑइलचा प्रश्न. १९५१ मध्ये अन्सेल कीज हे अमेरिकन शास्त्रज्ञ रोमला एका परिषदेसाठी आले होते. नेपल्सचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक जीनो बेर्गामी यांनी त्यांना सांगितले की आमच्या शहरात हृदयविकाराची फारशी समस्या नाही. कीज यांचा विश्वास बसेना. १९५२ मध्ये ते पत्नी मार्गारेटसह नेपल्सला गेले. मार्गारेट रसायनशास्त्र जाणणाऱ्या. कोलेस्टेरॉलच्या तपासण्या त्या करत. नेपल्समधील अग्निशमन दलाच्या जवानांच्या रक्तात अमेरिकन पुरुषांच्या मानाने कोलेस्टेरॉल बरेच कमी निघाले. या कुतूहलातूनच पुढे १९५८ मध्ये ‘सात देशांचा अभ्यास’ सुरू झाला. कीज दांपत्य नंतर नेपल्सच्या दक्षिणेला पियोप्पी नावाच्या मच्छीमार गावात घर बांधून राहिले. २००४ मध्ये वारले तेव्हा कीज शंभर वर्षांचे होते. त्यांच्या अभ्यासावर पुढे पुष्कळ टीका झाली, विशेषतः देशांच्या निवडीवर. ती सगळीच गैरलागू नाही.

पण कीज यांना दिसलेले जेवण कसे होते ते नीट पाहा. युद्धातून नुकतेच सावरणारे गरीब शहर. भाकरीसारखा जाड पाव, पास्ता, घेवड्याच्या उसळी, पालेभाज्या, फळे, थोडे तेल, थोडे मासे, आणि मांस आठवड्यातून एखाद्या वेळी. त्यात दिवसभर चालणे आणि ओझी उचलणे. तळलेल्या बटाट्यांवर ऑलिव्ह ऑइलची धार सोडणे म्हणजे तो आहार नव्हे. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथीची भाजी आणि बेताचे कोणतेही घरगुती तेल हे कीज यांच्या नेपल्सच्या जास्त जवळचे आहे. गंमत अशी की आजचे नेपल्स स्वतःच त्यापासून दूर गेले आहे. ज्या कंपानिया प्रांताची ती राजधानी आहे, तिथे मुलांमधील लठ्ठपणा इटलीत सर्वाधिक असलेल्या प्रदेशांपैकी आहे.

बाजारातून पुढे जेझू नुओवो चर्च लागते. इथे डॉ. जुझेप्पे मोस्काती (१८८० ते १९२७) यांची खोली मांडून ठेवली आहे. गरिबांचे डॉक्टर म्हणून त्यांची ख्याती होती आणि १९८७ मध्ये चर्चने त्यांना संतपद दिले. त्यांच्या दवाखान्यात फीसाठी एक टोपी असे: ज्याला जमेल त्याने टाकावे, ज्याला गरज असेल त्याने घ्यावे. आमच्या व्यवसायातल्या मंडळींनी इथे दोन मिनिटे जास्त थांबायला हरकत नाही.

तिथून वर चढून गेले की ‘इन्कुराबिली’ म्हणजे ‘असाध्य रोग्यांचे’ रुग्णालय येते. मारिया लोरेंझा लोंगो या बाईंनी १५२२ मध्ये ते स्थापन केले. अठराव्या शतकातली तिथली औषधशाळा रंगीत चिनी मातीच्या शेकडो बरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. २०१९ च्या पडझडीनंतर इमारत रिकामी करावी लागली होती, म्हणून जाण्याआधी चौकशी करा. हे असाध्य रोगी कोण? त्यांच्यात पुष्कळ सिफिलिसचे होते. १४९५ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स सैन्य घेऊन नेपल्समध्ये शिरला आणि त्या सैन्यासोबत हा नवा रोग युरोपभर पसरला. फ्रेंच त्याला ‘नेपल्सचा रोग’ म्हणू लागले आणि इटलीतले लोक ‘फ्रेंच रोग’. पोर्तुगिजांबरोबर तो आपल्याकडे पोहोचला आणि सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात ‘फिरंग रोग’ म्हणून नोंदला गेला. रोगाला शेजाऱ्याचे नाव देण्याची खोड तशी जुनीच आहे.

आता त्रिबुनाली रस्त्यावरच्या सान गायतानो चौकात येऊ. इथून जिना उतरला की जमिनीखाली सुमारे ४० मीटरवर दुसरे नेपल्स आहे. हे शहर पिवळसर, मऊ ज्वालामुखी खडकावर वसले आहे. ग्रीकांनी तो कापून बांधकामाला दगड काढला आणि पुढे त्याच पोकळ्यांमधून पाण्याचे बोगदे आणि टाक्या झाल्या. जवळजवळ प्रत्येक वाड्याखाली टाकी आणि अंगणात विहीर. या टाक्या साफ करणाऱ्यांना ‘पोत्सारी’ म्हणत. ते विहिरीतून वर चढून कुणाच्याही घरात शिरू शकत, म्हणून त्यांच्याविषयी भुताखेतांच्या आणि प्रेमप्रकरणांच्या गोष्टी अजून सांगतात. गाइड त्या रंगवून सांगेल. तो सांगणार नाही ती गोष्ट अशी की हा खडक सच्छिद्र असतो. वरच्या गल्लीतल्या शोषखड्ड्यांतले आणि फुटक्या गटारांतले मैलापाणी झिरपत झिरपत त्याच टाक्यांत उतरे.

१८८४ च्या उन्हाळ्यात कॉलरा, म्हणजे आपली पटकी, फ्रान्सच्या तुलाँ आणि मार्सेय बंदरांत उतरली. तिथून घरी परतणाऱ्या इटालियन मजुरांबरोबर ती नेपल्सला आली आणि सप्टेंबरात शहरात अक्षरशः भडका उडाला. काही आठवड्यांत सुमारे ७,००० माणसे गेली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात कॉलऱ्याचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू पाहिला होता. त्याही आधी, १८५४ मध्ये, फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो पाचिनी यांनी तो पाहून ठेवला होता, पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. नेपल्सच्या अधिकाऱ्यांनी काय केले? हवा शुद्ध करायची म्हणून चौकाचौकांत गंधकाच्या शेकोट्या पेटवल्या. दूषित पाणी तसेच राहिले. गरीब वस्त्यांना वाटू लागले की डॉक्टर आपल्याला विष घालायला येतात. डॉक्टरांवर हल्ले झाले. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगाची हकीकत ज्यांनी वाचली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. ज्या सरकारने एरवी कधी दार ठोठावले नाही, ते साथीत दार फोडून आत येते तेव्हा लोक घाबरतातच.

इथेच पिझ्झा खाऊन घेऊ. त्या काळी पिझ्झा म्हणजे अगदी गरिबाचे खाणे. रस्त्यावर तुकडा कापून विकला जाई. ‘पिनोकियो’चे लेखक कार्लो कोल्लोदी यांनी १८८६ मध्ये पिझ्झा कसा घाणेरडा दिसतो याचे वर्णन करून ठेवले आहे. आणि तीनच वर्षांनी, १८८९ मध्ये, राणी मार्गारीता नेपल्सला आली तेव्हा राफाएले एस्पोसितो यांनी तिला टोमॅटो, मोझारेला आणि तुळशीसारख्या बेसिलचा पिझ्झा खिलवला आणि तिचे नाव त्याला मिळाले, असे सांगतात. एका पिझ्झेरियात त्याचे पत्रही टांगलेले आहे. काही इतिहासकार ते बनावट मानतात. वैद्यकीय दृष्टीने मला एवढेच सांगायचे आहे की लाकडाच्या भट्टीत चारशे अंशांहून जास्त उष्णतेत दीड मिनिट भाजलेला गरम पिझ्झा हा साथीच्या शहरातला पुष्कळ सुरक्षित पदार्थ होता. घाण पिझ्झ्यात नव्हती, सोबतच्या पाण्यात होती.

पोट भरले की खाली कोर्सो उम्बेर्तो या रुंद, सरळ रस्त्यावर उतरू. हा रस्ता कॉलऱ्याने बांधला असे म्हणायला हरकत नाही. साथीनंतर पंतप्रधान देप्रेतिस यांनी नेपल्सचा कोथळाच काढला पाहिजे अशा अर्थाचे उद्गार काढले. १८८५ च्या जानेवारीत कायदा झाला आणि जुन्या वस्त्या पाडून हा रस्ता आला. त्याच वर्षी सेरिनोच्या झऱ्यांचे पाणी बंद नळांतून शहरात आले. माझ्या मते जीव वाचवले ते या नळाने, रस्त्याने नव्हे. नव्या इमारतींची भाडी गरिबांना परवडली नाहीत, ते मागच्या गल्ल्यांत आणखी दाटीने राहू लागले. पत्रकार मातिल्दे सेराओ यांनी या भपकेबाज दर्शनी इमारतींना ‘पडदा’ म्हटले. १९१०-११ मध्ये कॉलरा पुन्हा आला. तेव्हा सरकारने तो चक्क दडवला. पर्यटक आणि अमेरिकेला स्थलांतरितांना नेणारी जहाजे, दोन्ही धंदे बुडाले असते. दडवलेल्या साथीत लोकांना पाणी उकळा म्हणून तरी कोण सांगणार?

आता समुद्रावर, सांता लुचियाला येऊ. १९७३ च्या ऑगस्टअखेर इथे पुन्हा कॉलरा झाला. संशय शिंपल्यांवर गेला. काळ्या कवचाचे हे शिंपले दिवसभरात कित्येक लिटर पाणी गाळून खातात. किनाऱ्यालगत गटारे सुटत असतील तर त्यातले जंतूही त्यांच्या पोटात साठतात. कोकणात तिसऱ्या आपण शिजवूनच खातो. नेपल्समध्ये शिंपले कच्चेच लिंबू पिळून खायची हौस होती. लिंबाने जंतू मरतात हा समज तिथेही होता. वरून पिळलेले लिंबू शिंपल्याच्या पोटातल्या जंतूंपर्यंत पोहोचत नाही. ज्यांना पित्तासाठी रोज पँटोप्राझोलसारखी गोळी चालू आहे त्यांनी हे जास्त लक्षात ठेवावे. जठरातले आम्ल हा कॉलऱ्याविरुद्धचा आपला पहिला पहारेकरी, आणि त्या गोळीने तो अर्धा झोपलेला असतो. यकृताचे आजार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी कच्चे शिंपले कुठेच खाऊ नयेत.

शिंपल्यांच्या बागा उखडून टाकल्या गेल्या. लसीसाठी लांबच लांब रांगा लागल्या. अमेरिकी आरमाराच्या जवानांनी सुईविना दाबाने लस सोडणारी पिस्तुले आणली आणि आठवड्याभरात दहा लाखांच्या आसपास लोकांना लस दिली गेली. त्या काळची ती लस निम्मीअर्धीच आणि थोडे महिने उपयोगी पडणारी होती. जीव वाचवले ते शिरेतून दिलेल्या सलाइनने. मृत्यू दोन डझनांच्या आतच राहिले. दोन वर्षे आधी, १९७१ मध्ये, बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी सलाइन संपल्यावर मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारोंना वाचवले होते. १८८४ चे ७,००० रोगी मेले ते बहुतांशी शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळेच.

त्या साथीचा डाग मात्र अजून गेलेला नाही. उत्तर इटलीतल्या फुटबॉल मैदानांवर नेपल्सच्या लोकांना ‘कॉलरावाले’ म्हणून हिणवणाऱ्या घोषणा अजून दिल्या जातात.

इथल्याच कियातामोने भागात गंधकाच्या पाण्याचे झरे होते. मातीच्या सुरयांत भरून ते पाणी शहरभर विकत आणि पोटाला गुणकारी म्हणून पीत. १९७३ मध्ये तेही बंद झाले. पाणीवाल्यांचे ठेले उरले आहेत, तिथे मोठ्या लिंबांचे सरबत मिळते. त्यात शेवटी चमचाभर खाण्याचा सोडा टाकतात आणि फेस उसळून ग्लासाबाहेर येतो, म्हणून ते पाय फाकवून, पुढे वाकून प्यायचे असते. नाहीतर बूट भिजतात. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी ठेलेवाल्याला सोडा न घालताच द्यायला सांगावे. बाकीच्यांनी बूट सांभाळावेत.