छोटी गाडी, मोठा घास : युरोपीय मोटारीच्या देखभालखर्चाचे विवेचन

चाकणच्या कारखान्यात २००९ साली आधी स्कोडाची फाबिया आणि वर्षअखेरीस फोक्सवॅगनची पोलो तयार होऊ लागली. त्याच वर्षी रांजणगावात बनलेली फियाटची पुंटो बाजारात आली. तिन्ही गाड्या पुणे जिल्ह्याच्या मातीतल्या. तरीही यांतली कोणतीही गाडी गॅरेजात लावली की एक वाक्य हमखास कानावर येते : 'युरोपियन गाडी आहे साहेब, खर्च येणारच.' या वाक्यातल्या शेवटच्या 'च'ची तपासणी करायची आहे.

खर्च येतो, यात वाद नाही. पण त्याची चाल वेगळी असते. साध्या जपानी छोट्या गाडीचा खर्च किराण्यासारखा, दर खेपेला थोडाथोडा होतो. पोलोचा खर्च लग्नकार्यासारखा : दोन-तीन वर्षे मोठे काहीच नाही आणि मग एकदम घर हलते. शांत वर्षांत मालकाला वाटते, गाडी फुकटात चालली आहे; बिल आले की वाटते, आपण फसलो. दोन्ही समज चुकीचे आहेत. या खर्चाचे कारणावरून तीन प्रकार पडतात : झिजेचा, मुदतीचा आणि जुळणीचा. प्रत्येकाचा उपाय निराळा आहे, आणि बहुतेक उधळपट्टी एका प्रकारावर दुसऱ्याचा उपाय केल्याने होते.

झिजेचा खर्च सर्वांच्या ओळखीचा आहे. ब्रेक पॅड, टायर, वायपर, सस्पेन्शनचे बुश, लिंक रॉड. आपल्या रस्त्यांवर बुश लवकर जातात, एवढेच त्यात विशेष. लोअर आर्मचा बुश गेला म्हणून सबंध आर्म बदलू नये. आर्म वाकलेला नसेल आणि त्याचा बॉल जॉइंट घट्ट असेल, तर प्रेसवर नवा बुश बसवून मिळतो. या प्रकारावर याहून जास्त शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

मुदतीचा खर्च मात्र मालकांना मुळातच मान्य नसतो. 'गाडी कुठे एवढी पळते?' हा त्यांचा युक्तिवाद. पोलोच्या सर्व्हिसिंगची मुदत १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांत जे आधी येईल ते, अशी आहे. यातला दुसरा भाग वाचायचा राहून जातो. डॉट ४ जातीचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात गाडी नुसती उभी असली तरी ते शोषतच असते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचे. इंजिन ऑइलचेही तेच. तिथे आणखी एक गोंधळ होतो. डब्यावरचे ५डब्ल्यू-४० हे फक्त दाटपणाचे माप आहे. इंजिनाला लागतो तो कंपनीचा मान्यता क्रमांक, उदाहरणार्थ पोलोच्या पेट्रोल इंजिनासाठी व्हीडब्ल्यू ५०२ ००. दाटपणा जुळला आणि मान्यता नसली, तर ते तेल स्वस्त पडले असे म्हणता येत नाही.

मुदतीच्या खर्चाचा राजा म्हणजे डिझेल पोलोचा टायमिंग बेल्ट. क्रँकशाफ्ट फिरतो तसा पिस्टन वर येतो. कॅमशाफ्ट फिरतो तसे व्हॉल्व्ह खाली उघडतात. दोघे एकाच पोकळीत येऊन जातात, पण एकाच वेळी नाही. ही वेळ पाळण्याचे काम एका दातेरी रबरी पट्ट्याकडे असते. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावे लागते आणि वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट बिल होते. रबर नुसते किलोमीटर मोजत नाही. ते उष्णतेने आणि वयानेही कडक होते, म्हणून वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा बेल्टही म्हातारा होतो. तो बदलताना टेन्शनर, आयडलर आणि त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप एकदमच बदलावा. तिथवर पोचण्याचे लेबर दोनदा देण्यात काय हशील? तीन सिलिंडरच्या १.२ लिटर पेट्रोल पोलोत बेल्टऐवजी साखळी आहे. तिला ठरलेली मुदत नसते, पण सकाळी पहिल्या स्टार्टला खडखड ऐकू आली तर ते तिचे बोलावणे समजावे.

तिसरा प्रकार जुळणीचा, आणि खरी मेख इथेच आहे. एखादा छोटा भाग बिघडतो, पण कंपनी तो सुटा विकत नाही. ज्या जुळणीत तो बसला आहे ती सगळी 'असेंब्ली' विकते. दाराच्या लॉकचे उदाहरण घ्या. दार उघडले तरी आतला दिवा लागत नाही, किंवा दार बंद असूनही डॅशबोर्ड उघडे दाखवतो. सर्व्हिस सेंटरच्या इस्टिमेटमध्ये पूर्ण लॉक असते. अशाच एका लॉकचे झाकण एका कारागिराने बाकावर उघडले, तेव्हा पांढऱ्या ग्रीसमध्ये माखलेल्या गिअरांशेजारी एक काळा मायक्रोस्विच होता, करंगळीच्या नखाएवढा. दाबला की 'टिक' व्हायला हवी, ती होत नव्हती. डाग वितळवून तो काढायचा आणि त्याच मापाचा नवा डाग देऊन लावायचा, एवढेच काम. बिघाड नखाएवढा आणि बिल पंजाएवढे, ही तफावत त्या स्विचमुळे पडत नाही. भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे विक्रेत्याने ठरवल्यामुळे पडते.

याच गोष्टीचे महाग रूप म्हणजे सात गतींचा स्वयंचलित डीएसजी गिअरबॉक्स. भारतातल्या पोलोत तो २०१३ साली जीटी टीएसआयमधून आला. यात दोन कोरडे क्लच असतात, आणि ते चालवणारे मेकॅट्रॉनिक युनिट म्हणजे पंप, व्हॉल्व्ह, दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर आणि इलेक्ट्रॉनिक पाटी यांची एकच पेटी. फोक्सवॅगनने २०१३ मध्येच जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून त्यांतले कृत्रिम तेल काढले आणि खनिज तेल भरले. उष्ण, दमट हवेत त्या कृत्रिम तेलामुळे विजेचा दोष उद्भवू शकत होता. अ‍ॅक्युम्युलेटर ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागात बसतो तो तडकून तेल गळणे, हाही जगभरच्या कारागिरांच्या परिचयाचा दोष. अधिकृत उत्तर बहुधा पूर्ण युनिट बदलण्याचे असते. नुसता तडकलेला भाग बदलून देणारे स्वतंत्र कारागीर मोठ्या शहरांत सापडतात, म्हणून 'मेकॅट्रॉनिक गेले' एवढ्यावर होकार देऊ नये. त्यातले नेमके काय गेले, ते विचारावे. चालवणाऱ्याच्या हातातही थोडे असते. ट्रॅफिकमध्ये फूट-फूट सरकत राहिले की कोरडा क्लच घासत राहतो. पुढे दहा-पंधरा फूट जागा होऊ द्यावी, मग निघावे. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.

निदानाबद्दलही सावध राहायला हवे. स्कॅनर लावला, पी ०१७१ हा कोड आला आणि सेन्सर बदलला, असे घडते. पण या कोडचा अर्थ फक्त 'इंधनाच्या मानाने हवा जास्त' एवढाच आहे. कारण सेन्सर असेल, नाहीतर उंदराने कुरतडलेला व्हॅक्यूमचा पाइपही असेल. सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर हा देखभालीच्या कोणत्याही पुस्तिकेत नसलेला, पण अगदी खरा खर्च आहे. कोड हा तक्रारीचा अर्ज असतो. तो वाचून लगेच निकाल द्यायचा नसतो.

आता सुटे भाग. मोटार कंपन्या क्लच, फिल्टर, बेअरिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर स्वतः बनवत नाहीत. ते लुक, मान, बॉश, सॅक्स बनवतात, आणि तोच भाग कंपनीच्या खोक्यात गेला की महाग होतो. डीएसजीचे कोरडे क्लचही लुकचेच. म्हणून पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग घ्यायला जाताना गाडीचे नाव नव्हे, पार्ट नंबर न्यावा. त्याची पहिली तीन अक्षरे मूळ गाडी सांगतात. ६आर० म्हणजे पोलो. तोच भाग फोक्सवॅगनच्या व्हेंटोत आणि स्कोडा रॅपिडमध्येही बसलेला असतो, हे ठाऊक असले की शोध तिपटीने रुंदावतो. पुंटोच्या मालकांना हा धडा दुसऱ्या वाटेने मिळाला. फियाटने भारतातली विक्री थांबवली, तरी १.३ मल्टिजेट इंजिनाचे भाग मिळत राहिले, कारण तेच इंजिन मारुती स्विफ्टमध्ये आणि टाटांच्या गाड्यांतही होते. अडचण आली ती हेडलॅम्प आणि बंपरची. ते फक्त पुंटोचे.

सगळा दोष मालकाच्या अज्ञानावर ढकलणेही बरोबर नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक साधने स्वतंत्र गॅरेजांना मोकळेपणी मिळू न देणे, हा ठपका होता. त्या यादीत युरोपीय होत्या तशा जपानी आणि भारतीय कंपन्याही होत्या. कंपन्या पुढे अपिलात गेल्या. युरोपात मात्र २०१० च्या ४६१ क्रमांकाच्या नियमावलीने पुरवठादारांचा स्वतंत्र गॅरेजांना थेट भाग विकण्याचा हक्क राखला आहे. म्हणजे 'युरोपियन गाडी, खर्च येणारच' या वाक्यातला काही खर्च गाडीचा नसून बाजाराच्या रचनेचा आहे.

हिशेब मासिक करावा. समजा, बेल्टचे काम २४,००० रुपयांचे आणि सहा वर्षांनी एकदा : महिना ३३३. टायर २६,००० आणि पाच वर्षे : ४३३. बॅटरी ७,००० आणि चार वर्षे : १४६. क्लच ३६,००० आणि आठ वर्षे : ३७५. सस्पेन्शन ३०,००० आणि सहा वर्षे : ४१७. वार्षिक सर्व्हिसिंग १२,००० धरले तर महिना १,०००. बेरीज २,७०४ रुपये. हे आकडे गृहीत आहेत. आपल्या गॅरेजचे दर त्यांत घालावेत. ही रक्कम वेगळ्या खात्यात टाकत गेले की लग्नकार्याचा खर्च किराण्याचा होतो. घास तेवढाच राहतो, ठसका लागत नाही.

गाडी केव्हा काढून टाकावी, हा उरलेला प्रश्न. 'गाडीची किंमत अडीच लाख आणि बिल साठ हजार, कशाला करायचे?' ही तुलना मला फसवी वाटते. साठ हजारांनी तीन वर्षे मिळणार असतील तर महिना १,६६७ रुपये पडतात. इतक्या हप्त्यात नवी गाडी दारात येत नाही. मात्र हे गणित करताना त्या तीन वर्षांत येणारी बाकीची मोठी कामेही धरावी लागतात. गिअरबॉक्स आज केला आणि क्लच, सस्पेन्शन, एसीचा कंप्रेसर दाराशी उभे असतील, तर गाडी विकणेच शहाणपणाचे. पत्रा गंजला असेल तर हिशेबाला बसूही नये.

पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. आता या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती जात आहेत आणि सर्व्हिसिंगची वही बहुधा हरवलेली असते. डिझेल पोलो घेणार असाल, तर टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती मागा. 'मागच्याच वर्षी बदललाय' या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. पावती नसेल तर बेल्ट बदललेला नाही असे धरा, त्याचे पैसे किमतीतून वजा करा आणि गाडी घरी नेण्याआधी ती गॅरेजात न्या.