हातमोजा : परवडेल असा

श्रोतेहो, विटीदांडूला काय लागते? बाभळीची एक फांदी आणि मोकळे अंगण. आपल्या शाळांतून खेळल्या जाणाऱ्या सॉफ्टबॉलला मात्र चामड्याचा हातमोजा लागतो; आणि त्याची किंमत ऐकली की गुरुजी यादीतून तो खेळच खोडतात. तसे करण्यापूर्वी या मोज्याचा इतिहास ऐकावा. कोणता मोजा घ्यावा, हे त्यातूनच उमगते.

सॉफ्टबॉल हे बेसबॉलचे धाकटे भावंड. १८८७ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतील शिकागो शहरी, फॅरागट बोट क्लबात काही तरुण एका फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसले होते. कुणीतरी मुष्टियुद्धाचा मोजा भिरकावला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थाने तोच मोजा आवळून बांधला आणि त्याचा चेंडू केला. झाडूचा दांडा झाला बॅट. गंमत पाहा, या खेळात मोजा आला तो चेंडू होऊन! पुढे चेंडूही मोठा आणि मऊ झाला. शिकागोत १६ इंच घेराचा चेंडू आजही नुसत्या हातांनी झेलतात. पण इतरत्र चालतो तो १२ इंच घेराचा, आणि नावाने ‘सॉफ्ट’ असला तरी चांगलाच टणक. एकदा बोट दुखावले की मूल पुन्हा मैदानाकडे फिरकत नाही. म्हणून मोजा हवा.

बेसबॉलमध्ये मोजा आला चोरपावलांनी. १८७५ साली चार्ल्स वेट या खेळाडूने कातडीच्या रंगाचा मोजा घातला, कुणाच्या नजरेस येऊ नये म्हणून. हात जपणे हा तेव्हा भित्रेपणा समजत. पण दोनच वर्षांनी, १८७७ साली, अल्बर्ट स्पाल्डिंग या नामांकित खेळाडूने उघड उघड काळा मोजा घातला आणि लाज सरली. त्यांचा खेळसाहित्याचा व्यापार होता, हेही सांगितले पाहिजे! पुढे १९२० च्या सुमारास बिल डोक यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये वाद्यांचे जाळे विणण्याची युक्ती काढली. तोवर मोजा हाताची उशी होता. आता तो चेंडूची झोळी झाला.

हीच खूण ध्यानात ठेवा. गादी किती जाड ते पाहू नका, झोळी पाहा. बेसबॉलचा चेंडू ९ इंच घेराचा, त्याच्या मोज्यात सॉफ्टबॉल नीट बसत नाही. मोठ्यांना साधारण १२ ते १३ इंची मोजा पुरतो, लहान मुलांना १० ते ११ इंची. मोजा घालून मूठ मिटते का, ते मुलालाच करून पाहू द्या. मोजा फेकीच्या हातात नव्हे, दुसऱ्या हातात घालतात. तेव्हा डावखुऱ्यासाठी उजव्या हाताचा मागा. वापरलेला स्वस्तात मिळाला तर जरूर घ्या. वादी तुटली असेल तर गावचा कारागीर नवी ओवून देईल. तळव्याचे कातडे तडकले असेल तर मात्र नको. नवी वहाण चावते, तसा नवा मोजा ताठ असतो. झोळीत चेंडू ठेवून रात्रभर दोरीने बांधा, दिवसा झेल घ्या. भिजला तर सावलीत वाळवा.

आता हिशेब. दोन संघ म्हणजे अठरा खेळाडू, पण क्षेत्ररक्षणाला एका वेळी नऊच. डाव बदलला की मोजे हस्तांतरित करावे. नऊ मोज्यांत सामना होतो. नऊ जमत नसतील तर आधी चेंडू सतत झेलणाऱ्या दोघांना द्या : कॅचरला आणि पहिल्या बेसवरच्याला. बाकीच्यांनी तोवर मऊ चेंडूने सराव करावा. झाडूच्या दांड्याने सुरू झालेला खेळ आपल्या शाळेत पैशांवाचून अडून राहू नये, गुरुजी!