माथेरान : उन्हाळी पाहुणे आणि डोंगराची माणसे

१/ उन्हाळा जवळ आला की इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात एका ठरावीक साच्याची कादंबरी हमखास दाखल होते. समुद्रकिनारी सुट्टी घालवण्यास आलेली धनिक कुटुंबे एका बाजूला, त्यांची सरबराई करणारे स्थानिक दुसऱ्या बाजूला. हे कथानक ठाणे-कल्याणच्या परिसरात दीडशेहून अधिक वर्षे प्रत्यक्ष घडत आले आहे. समुद्राच्या जागी डोंगर आहे, इतकाच काय तो फरक. त्या डोंगराची ही हकिकत.

२/ मे १८५०. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइन्झ मॅलेट माथेरानचा डोंगर चढून गेले. त्या काळी हा मुलूख ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. मॅलेट यांनी माथेरानचा ‘शोध’ लावला, असे आजही सर्रास लिहिले जाते. परंतु ठाकूर, कातकरी आणि धनगर या डोंगराच्या अंगाखांद्यावर आधीपासून वावरत होते. माथ्यावरचे रान ते माथेरान, हे नावही साहेबाच्या आधीचेच.

३/ साहेबाच्या पाठोपाठ आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी ती मुंबईहून ठाण्याला पोहोचली, १ मे १८५४ रोजी कल्याणला, आणि पुढे काही वर्षांतच नेरळमार्गे बोरघाटाच्या पायथ्याशी. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी माथेरानला उत्तेजन दिले. इंग्रज अधिकारी, पारशी व बोहरी व्यापारी यांचे बंगले झाडीत उभे राहिले.

४/ नेरळहून वर जायचे कसे? साहेब घोड्यावर, मडमा पालखीत, आणि सामान हमालांच्या डोक्यावर. पाहुण्यांचा हंगाम मार्च ते मे. पावसानंतर पुन्हा थोडे दिवस. पावसाळ्यात बंगल्यांना कुलपे लागत. हंगामावर पोट असणाऱ्यांना मात्र वर्षाचे बाराही महिने काढावे लागत.

५/ सत्ता कोणाची होती, हे नकाशावरून कळते. लुईझा पॉइंट, अलेक्झांडर पॉइंट, हार्ट पॉइंट, शार्लोट तलाव. कड्यांना आणि पाण्याला पाहुण्यांची नावे मिळाली. त्याच शार्लोट तलावाकाठी पिसरनाथाचे देऊळ आहे. हा माथेरानचा ग्रामदेव. एकाच काठावर दोन जगे नांदत होती.

६/ १९०७ मध्ये नेरळ-माथेरान छोटी गाडी सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सुमारे १६ लाख रुपये खर्चून हा मार्ग बांधला. रुळांमधील अंतर अवघे दोन फूट, लांबी सुमारे २१ किलोमीटर. पालखीतून येणारा पाहुणा आता डब्यात बसून वळणे मोजू लागला.

७/ आता या कथेतील दुसरी बाजू. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्येच एका गरीब नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. पाहुण्यांच्या गावातला हा स्थानिक मुलगा शिकून वकील झाला आणि माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्षही. लोक त्यांना ‘भाई’ म्हणत.

८/ भाईंची नजर बंगल्यांपेक्षा पायथ्याच्या गावांकडे अधिक होती. त्यांनी शेतकऱ्यांसाठी शाळा चालवल्या आणि अडीनडीला उपयोगी पडणाऱ्या धान्यपेढ्या उभारल्या. सावकाराच्या दारी जाण्याची पाळी शेतकऱ्यावर येऊ नये, हा त्यामागील विचार.

९/ १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात भाई भूमिगत झाले. कर्जत-मुरबाड भागातील शेतकरी व आदिवासी तरुणांचा ‘आझाद दस्ता’ त्यांनी उभा केला. सह्याद्रीच्या पायथ्याची वीज याच मुलखातून मुंबईच्या गिरण्यांकडे आणि रेल्वेकडे जात होती. दस्त्याने तिचे मनोरे पाडले. जे शहर या डोंगरावर विश्रांतीस येई, त्याची चाके याच डोंगरातील माणसांनी अडवून धरली!

१०/ इंग्रज सरकारने त्यांच्या शिरावर इनाम लावले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाईंचे वय अवघे तीस.

११/ स्वातंत्र्यानंतर पाहुणे बदलले, ओझे राहिले. मोटारींना बंदी असल्याने माथेरानची हवा शुद्ध राहिली. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. मात्र लाल मातीच्या चढावर माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा चालूच राहिली. एक जण पुढून ओढणार, इतर मागून लोटणार, पाहुणा मध्ये बसणार.

१२/ ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षाचालकांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. मॅलेट यांनी डोंगर चढल्याला तोवर १७५ वर्षे झाली होती.

१३/ दादरच्या प्लाझा चित्रपटगृहासमोरून जाणाऱ्यांना वीर कोतवाल उद्यान ठाऊक असते. ते कोतवाल कोण, हे फार थोड्यांना. पर्यटनाचा इतिहास सहसा पाहुण्यांच्या बखरींतून लिहिला जातो. लुईझा कोण होती, हे सांगणारे मार्गदर्शक माथेरानला पुष्कळ भेटतील. त्यांना एकदा भाईंविषयीही विचारा. आणि जमल्यास २ जानेवारीला कल्याणहून मुरबाडमार्गे सिद्धगडला जा. हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी तेथे त्या दिवशी लोक जमतात.