जिंगो : एका शब्दाची जन्मकथा

‘जिंगोइझम’ हा शब्द अग्रलेखांतून आपण वाचत असतो. युद्धाची खुमखुमी असलेला, दुसऱ्याच्या मुलखावर डोळा ठेवणारा आक्रमक देशाभिमान, असा त्याचा अर्थ. मात्र हा शब्द तुर्कस्तानच्या निमित्ताने जन्मला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

१८७७ साली रशियाने उस्मानी सल्तनतीविरुद्ध युद्ध पुकारले. १८७८ च्या प्रारंभी रशियन फौजा इस्तंबूलच्या उंबरठ्याशी आल्या. हिंदुस्थानच्या वाटेवर रशिया येऊन बसेल, या धास्तीने इंग्लंडचे पंतप्रधान डिझरायली यांनी आरमार धाडले. त्याच काळात लंडनच्या करमणूकगृहांत मॅकडरमॉट हा गायक हंट यांनी रचलेले एक गीत गात होता. त्यात इंग्रजी जहाजांची, शिपायांची आणि पैशांची फुशारकी होती, आणि ‘बाय जिंगो’ हा उद्गार होता. देवाचे नाव न घेता शपथ वाहण्याची ही जुनी इंग्रजी तऱ्हा. युद्धाला विरोध करणाऱ्या ग्लॅडस्टन यांच्या घराच्या काचा जमावाने फोडल्या. मार्चमध्ये जॉर्ज होलिओक यांनी ‘डेली न्यूज’ला पत्र लिहून अशा मंडळींना ‘जिंगो’ म्हटले. ‘सेक्युलॅरिझम’ हा शब्दही १८५१ च्या सुमारास याच गृहस्थांनी रूढ केला होता.

हिंदी मुसलमानांनी त्या वेळी तुर्कांसाठी वर्गणी जमवली होती. साहजिकच इंग्रज तुर्कांच्या मदतीला धावला, असे अनेकांना वाटले असेल. प्रत्यक्षात काय घडले? मुंबईहून सुमारे ७,००० हिंदी सैनिक माल्टाला नेण्यात आले. लढाई मात्र झाली नाही. जूनमध्ये गुप्त करार करून सुलतानाला संरक्षणाचे वचन देण्यात आले आणि मोबदल्यात सायप्रसचा कारभार इंग्रजांनी घेतला. १८८१ साली फ्रान्सने ट्युनिसिया घेतला. १८८२ साली इंग्रजी फौजा इजिप्तमध्ये उतरल्या. तेव्हा पंतप्रधान होते तेच ग्लॅडस्टन, ज्यांच्या काचा जिंगोंनी फोडल्या होत्या!

तुर्क सत्ताही निर्दोष नव्हती. १८७६ साली बल्गेरियातल्या ख्रिस्ती रयतेची तिच्या अनियमित टोळ्यांनी कत्तल केली, हे आपण झाकून ठेवू नये. पण जिंगोला ना त्या रयतेचे दुःख होते, ना तुर्कांचे प्रेम. त्याला दुसऱ्याचा मुलूख आणि आपला दरारा हवा होता.

म्हणून कोणी आपल्या रक्षणाच्या नावाने युद्धाची गाणी गाऊ लागला, तर आपण टाळ्या पिटण्याआधी विचारावे : शिपाई कोणाचे जाणार, आणि सायप्रस कोणाला मिळणार?