ससूनमध्ये तुमची पहिली ड्युटी

काष्टा घट्ट आवळून घ्या, आज दिवसभर वाकायचं आहे. पुरुष वाचकांनाही सूट नाही. मिशा इथेच ठेवा आणि मागून या. साल 1915च्या आसपासचं धरू. गाव पुणे, महिना वैशाख. तुमचं वय वीस. नवरा जाऊन काही वर्षं झाली. डोक्यावरून ओढलेला पदर, अंगावर विधवेचं लाल आलवण. रमाबाई रानड्यांच्या सेवासदन या संस्थेतून तुम्हाला ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला धाडलंय. तुमच्या वर्गातल्या बाकीच्याही विधवाच. परक्याच्या अंगाला हात लावायचा, रक्त पुसायचं, घाण उचलायची, असलं काम शिकायला दुसऱ्या कुणी येतच नाही.

स्टेशनाकडून कोळशाचा धूर येतोय, टांगेवाले ओरडतायत, घोड्यांचे नाल खडखडतायत. समोर ससूनची दगडी इमारत आणि तिचा घड्याळाचा मनोरा. वर बघत उभं राहू नका, सिस्टर हजेरी घेतायत.

आत पाऊल टाकलं की आधी डोळे झोंबतात, मग वास कळतो. जंतू मारायचं कार्बोलिक! त्याच्याखाली घाम, पू, औषधं आणि ओल्या फरशीचा दर्प. पदर नाकाला लावावासा वाटतोय ना? नका लावू. खाटेवरचा माणूस तुमच्याकडेच बघतोय.

पहिलं काम बेडपॅनचं. घ्या उचलून. कालपर्यंत सोवळ्यात स्वयंपाक करणारे हात आहेत हे, ते जरा थरथरणारच. घासा, धुवा, पुन्हा धुवा. मग चादरी बदला, आणि त्याही रोग्याला खाटेवरून न उतरवता. त्याला कुशीवर वळवायचं, अर्धी चादर गुंडाळून त्याच्या पाठीशी सारायची, नवी अंथरायची, मग त्याला दुसऱ्या कुशीवर घ्यायचं. सुरकुती राहिली तर पाठीला जखम होते, म्हणून सिस्टर तळवा फिरवून बघतात. तुमच्या चादरीला सुरकुती आहे. काढा, पुन्हा घाला.

पलीकडे एकाची छाती भरलीय, त्याला अळशीचं पोटीस हवंय. इथे मात्र तुम्ही सगळ्यांच्या पुढे! उकळत्या पाण्यात अळशीचं पीठ वैरत जायचं आणि गुठळी होऊ न देता घोटायचं. पिठल्यासारखंच रटरटतं ते. फडक्यावर पसरा, आधी स्वतःच्या हाताला लावून चटका बघा, मगच त्याच्या छातीवर ठेवा. वाफेनं तुमचं तोंड लाल झालंय, घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरतोय. पुसायला हात मोकळा नाही.

दुपारी बाळंतिणींच्या वॉर्डात पाठवतात. तिथली झळ वेगळीच. कळा देणाऱ्या बायका, उकळत्या पाण्याची भांडी, दाराशी जमलेल्या सासवा आणि मावश्या. त्यांतली एक तुमचं आलवण बघते आणि मोठ्यानं म्हणते, "अगं बाई, हिला कशाला आत घेतलंय? पांढऱ्या पायाची!" उत्तर देऊ नका. कोपरापर्यंत हात धुवा, नखं घासा. खाटेवरच्या पोरीला पुढची कळ येते आणि ती हाताला लागेल ते धरते. तुमचं मनगट लागलंय तिला. नखं रुततात, बांगडी नसलेल्या हातावर वळ उमटतात. सोडवून घेऊ नका. डॉक्टरीणबाई सांगतील तेव्हा पाणी द्या, फडकी द्या, आणि ते निसरडं, निळसर, ओरडणारं पोर हातात घ्या. हळदीकुंकवाला ज्या बाईला कुणी बोलावत नाही, तिच्या हातात आज घरातल्या सगळ्यांच्या आधी बाळ आलंय. मला ससूनचा हा वॉर्ड त्या भव्य मनोऱ्यापेक्षा मोठा वाटतो तो यासाठी.

थकलात? अजून सेवासदनचं स्नेहसंमेलन आहे. तिथे बक्षीस तुम्हालाच आहे. सभागृह खचाखच भरलंय, शाळकरी पोरांनी बाकं अडवलीयत, पंख्यांचा पत्ता नाही. नाव पुकारतात. तुम्ही त्याच वेषात व्यासपीठावर चढता, आणि पोरं हुर्यो उडवतात. शिट्ट्या, आरडाओरडा, हसणं. कानशिलं तापलीयत ना तुमची? थांबा. समारोपाला रमाबाई उठल्यात. एरवी शांत बोलणारी ही बाई आज रागानं पेटलीय. एका दुर्दैवी विधवेला हसायचा हक्क तुम्हाला कुणी दिला, स्वतःला विद्यार्थी कसे म्हणवता, असं त्या समोरच्या पोरांना खडसावतात. तुमच्या बाजूनं भर सभेत कुणी एवढ्या मोठ्यानं बोललेलं तुम्ही आजवर ऐकलंय का?

आता उठा. बक्षीस पदराखाली लपवू नका, हातातच धरा. आणि बाजूच्या दारानं नको, त्या पोरांच्या बाकांमधूनच बाहेर पडा. रात्रपाळी आहे.